मुलगी मराठी धडा खडाखडा वाचते पण अर्थ विचारला की गप्प, घरी कोंकणी बोलतो त्याचा संबंध आहे का?

पेडण्याचीआई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी दुसरीत आहे, गावातलीच मराठी माध्यमाची शाळा. घरात आम्ही सगळे कोंकणी बोलतो, पेडण्याची (उत्तर गोव्यातली), म्हणजे जराशी मालवणीकडे झुकणारी. पेपर, पुस्तकं, भजनं, जत्रेतली नाटकं मात्र मराठी, आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं तसंच, त्यामुळे मराठी तिच्या कानावर अजिबात नाही असं नाहीये पण बोलणं कोंकणीच.

आता प्रश्न असा की शाळेतला धडा ती न अडखळता वाचते, आणि वाचून झाल्यावर "काय झालं गं गोष्टीत" विचारलं की नुसती बघत राहते. लायब्ररीतून नवीन गोष्टीचं पुस्तक आणलं तर तेच वाचन एकदम हळू होतं, जोडाक्षर आलं की थांबते, आणि कधीकधी छापलंय एक आणि वाचते भलतंच, "घोडा" लिहिलेलं असतं ती "घोडो" म्हणते, "कुत्रा" असेल तिथे एकदा सरळ "सुणो" म्हणाली. शाळेत सुचवलं की घरी मराठीच बोला, कोंकणीमुळे गोंधळ होतोय. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही, आणि खरं सांगायचं तर नातीशी त्यांनी मराठीत बोलायचं म्हणजे ते बोलणंच बंद होईल.

मला नेमकं कळून घ्यायचंय की हा वाचनाचा प्रश्न आहे, भाषेचा आहे की आणखी काही. ह्या विषयातले कोणी असतील तर सविस्तर लिहा प्लीज, मी सगळं वाचेन.

सत्तरीतल्याबाई

पेडण्याच्या ताई, मी प्राथमिकला शिकवायचे, आता निवृत्त. वाळपईच्या बाजूला पहिली-दुसरीचे वर्गच जास्त घेतले आणि वर्गातली झाडून सगळी मुलं घरी कोंकणी बोलणारी, तेव्हा तुमचं चित्र मला चांगलं ओळखीचं आहे.

आधी घोडो आणि सुणो बद्दल सांगते कारण त्याची तुम्हाला काळजी वाटतेय आणि मला ती दोन्ही चांगली लक्षणं वाटतायत. "घोडा" बघून जी मुलगी "घोडो" म्हणते तिला शब्दही कळला आणि अर्थही कळला, नुसता शब्दाचा शेवट तिनं स्वतःच्या भाषेचा लावला. मराठीतला आ-कारान्त पुल्लिंगी शब्द कोंकणीत बहुधा ओ-कारान्त होतो, आंबा-आंबो, रस्ता-रस्तो, कोल्हा-कोलो, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, ती आपसूक करतेय. तिथे तिला टोकू नका.

"सुणो" मात्र तपासून घ्या. शब्द वाचून कोंकणीत सांगितला असेल तर उत्तमच, पण पानावरचं चित्र बघून म्हणाली असेल तर तिनं शब्द वाचलेलाच नाही. चित्रावर हात ठेवून तीच ओळ परत वाचायला द्या, लगेच कळेल.

आणि शाळेतला धडा खडाखडा वाचते त्यावर विसंबू नका. वर्गात तो धडा कितीतरी वेळा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हटलेला असतो, मुलांना पाठ होतो, बोट ओळीवर फिरत असतं आणि तोंड आठवणीतून चालत असतं. धड्यातलं मधलंच एखादं वाक्य कागदावर वेगळं लिहून द्या, किंवा शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा, मग खरं किती वाचता येतंय ते दिसतं.

स्वनिम

बाईंनी फार मुद्द्याचं लिहिलंय. मी भाषाविज्ञानात एमए केलंय आणि वाचन कसं शिकलं जातं हाच माझा आवडता विषय, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

वाचन ही दिसायला एक गोष्ट असली तरी तिच्यात दोन वेगळी कामं असतात. पहिलं, कागदावरच्या खुणांचा आवाज करणं, त्याला डीकोडिंग म्हणतात. दुसरं, तो आवाज कानावर पडल्यावर त्या भाषेतलं बोलणं समजणं. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोघांनी १९८६ मधे हे अगदी सोप्या सूत्रात मांडलं, की वाचून समजणं म्हणजे डीकोडिंग गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं, म्हणजे दोनांपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही चांगलं असून उत्तर शून्यच. तुम्ही आम्ही बायबलचा पोर्तुगीज उतारा सराव केला तर घडाघडा वाचू, कळणार काही नाही. उलट एखादी न शिकलेली आजी सगळी रामकथा समजते, सांगते, पण पोथी तिच्या हातात दिली तर शून्य.

तेव्हा दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या, एकत्र तपासल्या तर दोष कुठे आहे ते कधीच कळत नाही. घरी करता येण्यासारखं सांगतो.

भाषेची बाजू अशी बघा, तिनं न वाचलेली छोटी गोष्ट तुम्ही तिला मराठीत वाचून दाखवा, पुस्तक तिला दिसता कामा नये, आणि मग प्रश्न विचारा, उत्तर कोंकणीत दिलं तर पूर्ण मार्क द्यायचे. आपण समज तपासतोय, मराठी बोलणं नाही. डीकोडिंगची बाजू तपासायला अर्थ नसलेले बनावट शब्द लिहा, जसं टमोळ, लिपगा, झुरपाट, मग जोडाक्षरवाले जसं गस्पी, नुर्का, प्लोगा अशा प्रकारचे. यात अंदाज मारायला वाव नाही, चित्र नाही, पाठांतर नाही, कोंकणी-मराठी काही नाही, खुणा आणि आवाज एवढंच.

आता जोडाक्षराला का थांबते ते. आपली लिपी अक्षरांची, आणि अक्षर म्हणजे बोलण्यातला अवयव (सिलेबल, एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा) नव्हे, दोन्हींचे तुकडे वेगळ्या ठिकाणी पडतात. "पुस्तक" लिहिताना पु-स्त-क असे तीन तुकडे, बोलताना पुस्-तक् असे दोन, आणि तोडायची जागा नेमकी स्त च्या पोटात. "बसला" साधा शब्द, ब-स-ला लिहितो आणि बस्-ला म्हणतो, म्हणजे स मधला अ गाळायचा हे मुलाला स्वतःच ओळखावं लागतं, लिहिलेलं कुठेच नसतं. म्हणून मुलं सुरुवातीला ब... स... ला... असं सुटं वाचतात आणि तीन तुकडे म्हणून झाल्यावर शब्द हातात राहत नाही. ती ढिलाई नाही, तो लिपीतला खरा अवघड टप्पा आहे.

शिवाय पहिल्या वेलांटीत आवाज नंतर आणि खूण आधी. "किती" मधे डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाला आधी क् लागतो. वैद आणि गुप्ता यांनी २००२ मधे देवनागरी वाचणाऱ्या हिंदी वाचकांवर हे तपासलं होतं, अशा उलट्या जागेच्या स्वराला जास्त वेळ लागतो असं दिसलं. रफाराचं त्याच्या उलट, "सूर्य" मधे र् आधी म्हणायचा आणि खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि तुमच्याकडे समुद्राला दर्या म्हणतात ना, मग हे बघा, दर्या आणि दऱ्या, एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या, फरक सगळा त्या र च्या आकारात.

आकडा पण बघा, ३४ व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बाराखडी म्हटली तरी ४०० च्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांचं कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचं काम २००७ मधे छापून आलं, त्यात असं दिसलं की अक्षरांची ओळख चौथीपर्यंत चालूच राहते. कन्नडची लिपी दिसायला वेगळी पण बांधणी आपल्यासारखीच. म्हणजे दुसरीतली मुलगी जोडाक्षराला थांबते यात घाबरण्यासारखं काही नाही, तिसरी-चौथीत तेच अडलं तर मग बघायला हवं.

फोंडेकरबाबा

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमच्या मुलाला पण असंच होत होतं, आम्ही घरी ठरवून मराठी चालू केली आणि वर्षभरात फरक पडला. दोन नावांत पाय कशाला ठेवायचे? मूल ज्या भाषेत शिकतं तीच भाषा घरी बोलली तर शब्द वाढतात हे साधं लॉजिक आहे. कोंकणी ती शेजारीपाजारी शिकेलच, ती काय कुठे जात नाही. शाळेनं सांगितलंय ते उगाच नाही.

सत्तरीतल्याबाई

फोंडेकर, राग कसला, तुमच्या मुलाला फायदा झाला हे चांगलंच झालं. पण त्यात कशानं फायदा झाला ते सुटं करून बघा. घरात मराठी वाढली म्हणून झाला, की कोंकणी गेली म्हणून? मला खात्री आहे की पहिल्यानं. मराठी वाढवायला कोंकणी काढावी लागत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर बसून वाचायला लागलात, बोलायला लागलात, तो वेळ कामी आला.

पेडण्याच्या ताईंच्या घरात आजी नातीशी कोंकणीत बोलते, गोष्टी सांगते, हुमाणी (कोडी) घालते. ते बंद करून आजीनं मोडक्या मराठीत "जेवलीस का, अभ्यास केलास का" एवढंच विचारायचं? गोष्टीचा आरंभ-मध्य-शेवट, कोण कशामुळे रागावलं, पुढे काय होईल याचा अंदाज, हे सगळं मूल आजीच्या तोंडून शिकतं आणि तेच पुढे मराठी गोष्ट वाचताना वापरतं. जिला कोंकणीत भरपूर बोलता येतं तिला मराठी लवकर येते, जिला घरी कोणी बोलतच नाही तिची दोन्ही भाषांत अडचण होते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय.

स्वनिम

बाईंच्या म्हणण्याला अभ्यासाचाही आधार आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मधे हेच मांडलं, पहिल्या भाषेत पक्क्या झालेल्या गोष्टी दुसऱ्या भाषेच्या वाचनात उतरतात, म्हणजे दोन भाषा डोक्यात दोन बंद खोल्यांत राहत नाहीत. युनेस्कोनं तर १९५३ सालीच सांगितलं होतं की मुलाला शिकवायला सुरुवात त्याच्या मातृभाषेतून करावी. आणि आपल्या जवळचंच उदाहरण, शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर भागातल्या मराठी शाळांत आणि कर्नाटकात यादगीरला मुलांचं वाचन काही वर्षं सलग बघितलं, लिरिल नावाचा प्रकल्प, त्यातल्या पालघरच्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी होती. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यात अंतर असणं ही आपल्या देशात नेहमीची स्थिती आहे, ते अंतर शिक्षकानं ओळखून भरून काढायचं असतं, बोली पुसून नव्हे.

आणि कोंकणी-मराठीत ते अंतर किती कमी आहे ते बघा. लिपी तीच, म्हणजे क हा दोन्हीकडे क. व्याकरणाचा सांगाडा तोच. घोडा चं घोड्याला होतं, घोडो चं घोड्याक होतं, मधलं "घोड्या" हे सामान्यरूप दोन्हीकडे सारखं. रस्त्यावर आणि रस्त्यार. ला च्या जागी क, चा च्या जागी चो, त च्या जागी ंत. म्हणजे तुमच्या मुलीला मराठीची निम्मी विभक्ती आधीच येते, कोणी तिला जोडून दाखवलेली नाही एवढंच.

च आणि ज चे दोन-दोन उच्चार घ्या. चमचा मधला च वेगळा आणि चमचे मधला शेवटचा च वेगळा, जग म्हणजे दुनिया यातला ज वेगळा आणि "तू जग" मधला वेगळा, लिपीत काही खूण नाही. मराठी शिकणारा परका माणूस यात अडकतो, कोंकणीवाल्या मुलीच्या तोंडात हे दोन्ही आवाज आधीपासून बसलेले असतात, तिला फक्त कोणता शब्द ते ओळखायचं असतं.

जिथे खरंच वेगळं आहे तिथे मात्र लक्ष द्यायला हवं. कोंकणीत "हांव वतां" मुलगाही म्हणतो मुलगीही म्हणते, मराठीत जातो-जाते करावं लागतं, त्यामुळे ती लिहिताना "मी जातो" लिहील. हे वाचन बिघडल्याचं लक्षण नाही, नवी गोष्ट शिकायची राहिलीये.

म्हापशेकर_के

मधेच एक. अनुस्वाराचा घोळ कोणी लिहिला नाही. आमच्या आजोबांच्या कपाटात जुनी मराठी पुस्तकं आहेत, त्यात "घरांत", "शाळेंत" असंच छापलेलं आहे, मी लहान असताना मला वाटायचं ती कोंकणी आहेत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आता मराठीत "घरात" म्हणजे एका घरात आणि "घरांत" म्हणजे अनेक घरांत, पण कोंकणीत एका घरालाही "घरांत"च, आणि तो अनुस्वार कोंकणीत नाकातून खराच बोलला जातो. दोन्ही भाषांची पुस्तकं वाचणाऱ्या मुलाला हे एकदा नीट सांगायला हवं नाहीतर शुद्धलेखनात उगाच लाल रेघा.

आणि आमची मुलगी विचारते की बोर्डावर इंग्रजीत "पेर्नेम" आणि देवनागरीत "पेडणे", मग तो म कुठून आला. पोर्तुगीज लिहिण्यात शब्दाच्या शेवटी एम लावला की स्वर नाकातून म्हणायचा, कोंकणीत गावाचं नाव "पेडणें" असं नाकातून संपतं, ते त्यांनी कानानं ऐकून तसं लिहिलं. म म्हणायचाच नसतो. मुलांना असली चौकशी फार आवडते, बसमधून जाताना पाट्या वाचायला लावा.

पेडण्याचीआई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तुम्ही सांगितलं तसं घरी करून बघितलं.

बनावट शब्द, साधे सगळे वाचले, हळू पण बरोबर. गस्पी जमलं, नुर्का ला "नुका" म्हणाली आणि र विसरली, प्लोगा ला अडली. शाळेच्या धड्यातलं मधलं वाक्य वेगळं लिहून दिलं तर तेवढ्या वेगानं नाही वाचता आलं, म्हणजे बाई म्हणाल्या ते पाठांतर होतंच.

मग मी एक गोष्ट वाचून दाखवली, कोल्हा विहिरीत पडतो ती. अर्धी कळली. विचारलं कोल्हा कुठे पडला तर "म्हाका कळना". मी म्हटलं विहिरीत म्हणजे बांयंत, तर एकदम चेहरा फुलला आणि पुढची सगळी गोष्ट तिनंच कोंकणीत सांगितली, बाहेर कसा येणार तेसुद्धा. गंमत म्हणजे "विहीर" शब्द तिला माहीत आहे, मुळाक्षरांच्या तक्त्यात व विहिरीचा शिकलीये. मग "विहिरीत" का नाही कळला? आणि अजून एक, "तरीसुद्धा", "परंतु", "म्हणून" असले शब्द आले की ती ते नुसते म्हणून पुढे जाते असं वाटलं.

चित्रावर हात ठेवून कुत्रा वाचायला दिला, "कुत्रा" म्हणाली, मग हळूच "सुणो".

आता ह्यातून काय समजायचं? आणि हे डिस्लेक्सिया वगैरे नाही ना, एका नातेवाईकांनी तो शब्द काढला आणि घरात सगळे टेन्शनमधे आहेत.

स्वनिम

फार छान निरीक्षण केलंत ताई. यातून मला तरी दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. डीकोडिंग वयाला साजेसं आहे, र ची जोडाक्षरं आणि शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं तेवढी बाकी आहेत. आणि समजण्यात जी अडचण आहे ती डोक्याची नाही, पुस्तकी मराठीच्या शब्दांची आणि रूपांची आहे, कारण एक शब्द दिल्याबरोबर तिनं सगळी गोष्ट उलगडली.

"विहिरीत" बद्दल. ती विहीर ओळखते, विहिरीत ओळखत नाही, कारण शब्द बदललाय. ही दीर्घ होती ती हि झाली, र चा री झाला, त लागला. मराठीत शब्द क्वचितच तक्त्यातल्या रूपात भेटतो, वाक्यात तो नेहमी काहीतरी लावूनच येतो. "शाळेतल्यांनासुद्धा" हा एकच शब्द घ्या, शाळा-चं शाळे, मग त, मग ल्या, मग ंना, मग सुद्धा. मोठा माणूस हे तुकडे नकळत पाडतो, मुलाला ही एवढी लांब अक्षरांची माळ दिसते. असे अर्थाचे तुकडे, भाषाविज्ञानात त्याला रूपिम म्हणतात, पाडायला शिकवलं की वाचनाचा वेगही वाढतो आणि समजही, आणि शाळेत यावर सर्वात कमी वेळ दिला जातो असं माझं ठाम मत आहे. बाराखडीवर महिनेच्या महिने आणि "विहीर, विहिरीत, विहिरीवर, विहिरीतून" यावर एक तास पण नाही.

तुम्ही असं करा, रोजच्या वाचनातला एखादाच शब्द घ्या आणि दोन ओळी लिहा, वर मराठी खाली कोंकणी. विहिरीत, बांयंत. रस्त्यावर, रस्त्यार. घोड्याला, घोड्याक. तिला स्वतःच शोधू दे काय बदललं. आपल्या भाषेला धरून दुसरी भाषा बघायची ही सवय आयुष्यभर कामाला येते.

परंतु, तरीसुद्धा, म्हणून हे दिसायला किरकोळ पण गोष्टीचा सगळा धागा त्यांच्यात असतो. परंतु म्हणजे पूण, म्हणून म्हणजे देखून, जर-तर म्हणजे जाल्यार, एवढं सांगितलं तरी तिच्या डोक्यात जागा आधीच तयार आहेत. वाचताना "म्हणून" आला की थांबून विचारा, "देखून कितें जालें?"

डिस्लेक्सियाबद्दल, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तशी शंका येत नाही पण मी डॉक्टर नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, ते कोणत्याही मुलाचं करावंच. काळजी कधी करायची, तर शिकवूनही साधी अक्षरं परत परत विसरली, यमक जुळवता आलं नाही, शब्दातलं पहिलं अक्षर काढून टाकायला जमलं नाही, आणि हे कोंकणीतही तसंच असेल तर. अडचण फक्त मराठीत दिसते आणि कोंकणीत नाही, तेव्हा ती बहुतेक भाषेच्या ओळखीचीच असते. दोन्हीत दिसली तर वेळ न घालवता मुलांच्या तज्ज्ञांकडे जा.

डिचोलीचोआजो

खेळाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या वेळी च ची भाषा होती, शाळेतल्या मुली मोठ्यांसमोर बोलायच्या. "माझी शाळा" म्हणायचं असेल तर "चाझीम चाळाश". प्रत्येक गावात थोडी वेगळी. माझी नात शिकली आणि आता थांबत नाही.

स्वनिम

आजो, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत!! बघा ना, मा मधला म् सुटा काढला, आ तिथेच ठेवला, त्याला च लावला आणि म शेवटी नेला. अक्षराच्या पोटातले व्यंजन आणि स्वर वेगळे करणं हीच जोडाक्षर वाचायला लागणारी कसरत, आणि अक्षरलिपी शिकणाऱ्या मुलांना अक्षरापेक्षा लहान तुकडा ऐकू येणं उशिराच जमतं. मुली वर्कबुकशिवाय तेच करत होत्या. पेडण्याच्या ताई, हे नक्की खेळा, आधी कोंकणी शब्दांवर. भेंड्या पण खेळा, त्यात शेवटचं अक्षर पकडावं लागतं.

फोंडेकरबाबा

वाचलं सगळं. ते कानानं ऐकवून समज तपासायचं मी माझ्या मुलावर पण करून बघणार आहे, तो आता चौथीत आहे आणि परिसर अभ्यासात मार्क कमी येतात. पण एक विचारतो, शाळेला हे कसं सांगायचं? आपण सांगायला गेलो की त्यांना वाटतं पालक शिकवायला आले.

सत्तरीतल्याबाई

फोंडेकर, मुलगा चौथीत असेल तर जरूर तपासा. जीन चॉल म्हणून बाईंनी १९८३ मधे वाचनाचे टप्पे मांडले होते, तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं आणि चौथीपासून शिकण्यासाठी वाचायला लागतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक गोष्टीसारखं नसतं, तिथे "बाष्पीभवन" आणि "स्थलांतर" असे शब्द येतात, ते घरात कुठल्याच भाषेत कोणी बोलत नाही. तेव्हा तिथे प्रत्येकच मुलाला मदत लागते, घरी मराठी बोलणाऱ्यालासुद्धा.

शाळेला सांगायचं म्हणजे तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. ताईंनी ते दोन ओळींचे शब्द लिहिले, बनावट शब्दांत कुठे अडली ते लिहिलं, ते वर्गशिक्षिकेला दाखवायचं आणि सरळ विचारायचं, की बाई, ही र च्या जोडाक्षरांत अडते आणि विहिरीत सारख्या रूपांत अडते, वर्गात यावर काय घेता येईल? पस्तीस-चाळीस मुलांत प्रत्येकाचं असं बघायला आम्हाला वेळ मिळत नाही, कोणी नेमकं आणून दिलं तर कुठल्याही शिक्षिकेला बरंच वाटतं. आणि एवढी विनंती करा की प्रश्नाचं उत्तर तिनं कोंकणीत दिलं तर आधी ते ऐकून घ्या, बरोबर असेल तर बरोबर म्हणा, आणि मग तेच मराठीत कसं म्हणायचं ते सांगा. मी माझ्या वर्गात हेच करायचे. मुलं गप्प बसायची थांबतात.

घरी वाचताना ताई, तिचं बोट, तिचा वेग. घोडो म्हणाली तर पुढे जाऊ द्या. "नुका" म्हणाली तर थांबवा, कारण तिथे र सुटला. अर्थ सुटला असं वाटलं तर थांबवा आणि कोंकणीत बोला. आणि रोज थोडा वेळ तुम्ही तिला वाचून दाखवा, तिला आत्ता स्वतः वाचता येतं त्यापेक्षा अवघड असं काहीतरी, मराठीतलं, कारण पुस्तकी मराठी तिला आधी कानानं भेटायला हवी. सासूबाईंना म्हणावं गोष्टी चालूच ठेवा, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरच्या माटोळीला जी जी फळं-पानं बांधाल त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या तिच्याकडून लिहून घ्या, आजीनं कोंकणी नाव सांगायचं, तुम्ही मराठी, तिनं दोन्ही लिहायची.

पेडण्याचीआई

बाई, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या खूष आहेत. शाळेत वही घेऊन जातेय पुढच्या आठवड्यात. र च्या जोडाक्षरांसाठी सोपे शब्द कुठल्या क्रमानं घ्यायचे तेवढं कोणी सांगाल का?

सत्तरीतल्याबाई

आधी रफार आणि तोही तिच्या तोंडात असलेल्या शब्दांचा, दर्या, सूर्य, पर्वत, मिरची-गिरची नको कारण त्यात जोडाक्षर नाही. मग चक्र, पत्र, चंद्र. मग शब्दाच्या सुरुवातीचे, प्राणी, ग्रह, क्रम. ट्र आणि ऱ्य सगळ्यात शेवटी, राष्ट्र, दऱ्या. प्रत्येक वेळी आधी तोंडानं शब्द तोडून म्हणायचा, सूर्-य, दर्-या, मग दाखवायचा. आधी कान, मग डोळा.